समान वागणूक पुरेशी का ठरली नाही : अमेरिकेतील इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हक्काची पार्श्वभूमी

अमेरिकेतील सरकारी शाळांमध्ये २०२१ च्या शैक्षणिक वर्षात सुमारे ५३ लाख मुलांची नोंद ‘इंग्रजी शिकणारे विद्यार्थी’, म्हणजे वर्गात शिकण्याइतके इंग्रजी अजून न येणारी मुले, अशी झाली होती. एकूण पटाच्या हे प्रमाण १०.६ टक्के होते. त्यांतील बहुसंख्य मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते, तर उरलेल्यांच्या घरी अरबी, चिनी, व्हिएतनामी अशा कितीतरी भाषा नांदतात. या मुलांना वर्गात वेगळे साहाय्य मिळाले पाहिजे, हे तत्त्व आज कायद्याने मान्य केलेले आहे. मात्र ते शाळांना आपणहून सुचलेले नाही. पालकांना त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि साहाय्याचे स्वरूप नेमके काय असावे हा वाद आजही मिटलेला नाही.

इंग्रजीखेरीज इतर भाषेतून शिकवणे त्या देशाला मुळात परके नव्हते. १८३९ साली ओहायो राज्याने पालकांची मागणी असेल तेथे जर्मन-इंग्रजी शिक्षणाला परवानगी दिली आणि सिनसिनाटी शहरात अशा शाळा कित्येक दशके चालल्या. ही उदारता सर्वांच्या वाट्याला आली नाही. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. तेथे मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि स्वतःची भाषा बोलण्यास त्यांना मनाई होती. पुढे पहिल्या महायुद्धाने जर्मन भाषेलाही संशयित ठरवले. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना परकी भाषा शिकवण्यावर बंदी घातली, आणि रॉबर्ट मेयर या शिक्षकाला जर्मन शिकवल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये ती शिक्षा रद्द केली खरी, पण सरकारी शाळांवरील इंग्रजीची एकाधिकारशाही त्यामुळे सैल झाली नाही. नवख्या मुलाला वर्गात बसवावे, भाषा त्याच्या कानावर पडत राहील आणि ती त्याला आपोआप येईल, याच समजुतीवर पुढची चाळीस वर्षे कारभार चालला. टेक्सासमधील अनेक शाळांत तर शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे.

बदलाची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. क्युबातून आलेल्या निर्वासित कुटुंबांमुळे मायामीतील कोरल वे प्राथमिक शाळेने १९६३ मध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषिक गटांतील मुलांना दोन्ही भाषांतून शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. वंश किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आशिया आणि लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांची वाट मोकळी केली, आणि टेक्सासचे सिनेटर राल्फ यार्बरो यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये द्वैभाषिक शिक्षण कायदा झाला. त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तरुणपणी कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवले होते. या कायद्याने अनुदान देऊ केले; ते घेण्याचे बंधन मात्र शाळांवर नव्हते.

बंधन आले ते ‘लाऊ विरुद्ध निकल्स’ या खटल्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी वंशाची मुले होती आणि त्यांपैकी सुमारे १,८०० मुलांना कोणतेही जादा शिक्षण मिळत नव्हते. सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला आहे, तेव्हा भेदभाव झालाच कोठे, असा शाळा-प्रशासनाचा बचाव होता. अपील न्यायालयाने तो उचलून धरला आणि प्रत्येक मूल आपापल्या परिस्थितीचे फायदे-तोटे घेऊनच शाळेत येते, त्यात शाळेचा दोष नाही, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी १९७४ रोजी एकमताने हा निकाल फिरवला. ज्यांना इंग्रजी समजत नाही त्यांच्यासाठी केवळ समान साधने पुरवणे ही समान वागणूक नव्हे, कारण अर्थपूर्ण शिक्षणाचे दार त्यांना प्रत्यक्षात बंदच राहते, असे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिले. या विषयावर लिहिले गेलेले इतके स्वच्छ आणि मानवी विवेचन मला दुसरे आढळलेले नाही.

या निकालाच्या दोन मर्यादा पुढे महत्त्वाच्या ठरल्या. उपाय कोणता करावा हे न्यायालयाने ठरवून दिले नाही. इंग्रजी शिकवणे हा एक मार्ग, चिनी भाषेतून शिकवणे हा दुसरा, आणखीही असतील, एवढेच म्हटले. शिवाय न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी स्वतंत्र मतपत्रात नोंदवले की, प्रश्न एखाद्या किंवा मोजक्या मुलांचा असता, तर हा निकाल त्यांना निर्णायक वाटला नसता. एकाच वर्गात आठ-दहा भाषा बोलणारी मुले असतात आणि त्यांतील एखादी भाषा बोलणारे मूल एकटेच असते, अशा शाळांच्या दृष्टीने ही नोंद किती गंभीर आहे, हे सहज लक्षात येईल. सुदैवाने त्याच वर्षी संसदेने समान शैक्षणिक संधी कायदा केला आणि भाषेचा अडसर दूर करण्यासाठी योग्य पावले उचलण्याचे कर्तव्य शाळांवर टाकले. ‘योग्य’ म्हणजे काय, याची कसोटी १९८१ मध्ये टेक्सासमधील ‘कास्टान्येदा विरुद्ध पिकार्ड’ या खटल्यात ठरली: कार्यक्रम सुदृढ शैक्षणिक विचारावर आधारलेला असावा, त्यासाठी पुरेशी साधने व प्रशिक्षित शिक्षक असावेत, आणि अडसर खरोखर दूर होत असल्याचे परिणामांतून दिसावे.

याच सुमारास अभ्यासकांनीही शिक्षकांच्या हाती नवी दृष्टी दिली. कॅनडातील जिम कमिन्स यांनी रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. पहिली साधारणतः दोन वर्षांत येते, तर दुसरीत समवयस्कांच्या बरोबरीला पोहोचण्यास पाच ते सात वर्षे लागतात. मैदानावर अस्खलित बोलणारी मुलगी विज्ञानाचा धडा वाचताना का अडखळते, याचे उत्तर येथे मिळाले. तोवर अशा मुलांवर मंदबुद्धीचा शिक्का सहज बसत असे. १९९२ मध्ये लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनातील टूसॉन येथे शिक्षकांना मुलांच्या घरी जायला लावले. शेती, बांधकाम, घरगुती औषधे, व्यापार यांविषयी त्या कुटुंबांजवळ असलेले ज्ञान वर्गातल्या पाठांत कसे आणता येईल, हे त्यांनी दाखवले. १९९५ मध्ये ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी संस्कृतीशी सुसंगत अध्यापनाची, म्हणजे मुलांच्या स्वतःच्या संस्कृतीचा आधार घेऊन शिकवण्याची, मांडणी केली.

राजकारणाने मात्र उलटी दिशा धरली. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९९८ मध्ये प्रस्ताव २२७ मंजूर केला आणि बहुतेक मुलांना साधारण एका वर्षापुरते इंग्रजीचे विशेष वर्ग देऊन नेहमीच्या वर्गात पाठवण्याचा नियम झाला. पाच ते सात वर्षांच्या कामाला एक वर्ष देणारे हे धोरण चुकीचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲरिझोना आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांनीही तोच मार्ग धरला. २००२ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने १९६८ चा द्वैभाषिक कायदा मोडीत काढला, परंतु या मुलांच्या प्रगतीची दरवर्षी स्वतंत्र मोजणीही सक्तीची केली. २०१५ च्या कायद्याने ही प्रगती शाळांच्या उत्तरदायित्वाचा भाग बनवली, आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ७० टक्क्यांहून अधिक मतांनी २२७ चे निर्बंध उठवले.

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली. १९६४ व १९७४ चे कायदे आणि लाऊ खटल्याचा निकाल त्या आदेशाने रद्द होत नाहीत, त्यामुळे शाळांचे कर्तव्य कायम आहे. ते पार पाडण्यासाठी लागणारे प्रशिक्षित द्वैभाषिक शिक्षक मात्र अनेक राज्यांत अपुरे आहेत, आणि कास्टान्येदा कसोटीची दुसरी अट नेमकी तेथेच अपुरी राहते.