न्यूट्रिनो-वस्तुमानाचा उगम आणि कोलायडर

कोलायडर या यंत्रात प्रोटॉन किंवा इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जेने आदळवून, न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या, अत्यंत हलक्या कणाला वस्तुमान देणारे जड कण त्या टकरींत धुंडाळण्याची पद्धत. कणभौतिकीच्या मानक प्रारूपात (ज्ञात मूलकण आणि त्यांच्यातली बले सांगणाऱ्या सिद्धांतात) न्यूट्रिनोला वस्तुमानच नाही. पण तो वाटेत आपला प्रकार बदलतो, हे जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये आणि कॅनडाच्या सडबरी वेधशाळेने २००१-०२ मध्ये दाखवले (नोबेल, २०१५). वस्तुमान नसते तर हे घडले नसते. ते किती? जर्मनीतील काट्रिन प्रयोगानुसार ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) कमी. इलेक्ट्रॉनचे ५,११,००० आहे. एवढी तफावत का, हीच खरी मेख.

सर्वांत परिचित उत्तर ‘सीसॉ यंत्रणे’चे. पीटर मिन्कोव्स्की यांनी ती १९७७ मध्ये मांडली; पुढच्या दोन-तीन वर्षांत इतरांनी, त्यांत भारतात जन्मलेले रवींद्रनाथ मोहपात्रा होते, ती स्वतंत्रपणे मांडली. आजवर न्यूट्रिनो डावखुरेच, म्हणजे स्वतःभोवतीच्या फिरकीची दिशा गतीच्या उलट असलेले, दिसले आहेत. त्यांचा उजवा जोडीदार असेल आणि तो जितका जड असेल, तितका आपला न्यूट्रिनो हलका. बागेतल्या सीसॉवर एका टोकाला पैलवान बसला की दुसऱ्या टोकाचे पोर वर जाते, तसे.

या यंत्रणेत न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण (इतर गुण तेच, पण भार उलटा असलेला जुळा कण) ठरतो. सोलापुरी चादर उलटून पाहिली की नक्षी तीच, पण रंगांची अदलाबदल झालेली असते. कण आणि प्रतिकण यांचे नाते साधारण असे. दोन्ही अंगे हुबेहूब सारखी असलेली चादर म्हणजे मायोराना न्यूट्रिनो. (उपमा इथेच सोडावी, फार ताणली तर उसवेल.) वै-यी केउंग आणि गोरान सेन्यानोविच यांनी १९८३ मध्ये याची कोलायडरमधली खूण सांगितली: जड न्यूट्रिनो निर्माण होऊन फुटला, तर एकाच विद्युतभाराचे दोन इलेक्ट्रॉन किंवा दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनची जड भावंडे) बाहेर पडतील. मानक प्रारूपात अशा जोड्या क्वचित मिळतात. तरी फसगत होतेच, कारण एखाद्या इलेक्ट्रॉनचा भार उपकरण उलटा वाचते. म्हणून जिनीव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगांत बरीच मेहनत खोट्या जोड्या मोजण्यात जाते.

जड न्यूट्रिनोचा इतर कणांशी संबंध फारच क्षीण असेल, तर तो लगेच फुटत नाही. टकरीपासून काही मिलिमीटर ते काही मीटर दूर जाऊन फुटतो. असे आडबाजूचे फुटणेही शोधले जाते. यंत्रणेच्या दुसऱ्या प्रकारात दुहेरी भाराचा हिग्ज कण (इतर कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज कणाचा भाईबंद) अपेक्षित आहे. तो कोणत्या लेप्टॉन-जोड्यांत (इलेक्ट्रॉन, म्युऑन यांसारख्या कणांच्या) किती वेळा फुटतो, यावरून न्यूट्रिनो-वस्तुमानांची मांडणीच वाचता येईल. आजवर यांपैकी काहीही सापडलेले नाही.

त्यावरून सीसॉ खोटा ठरत नाही. मूळ कल्पनेतला जोडीदार लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या आवाक्यापेक्षा अब्जावधी पट जड असू शकतो. कोलायडर केवळ हलक्या जोडीदारांच्या आवृत्त्या तपासतो, हे निकाल वाचताना विसरू नये.

सध्याच्या यंत्राचा घेर २७ किमी आहे. प्रस्तावित भावी वर्तुळाकार कोलायडरचा सुमारे ९१ किमी असेल, म्हणजे सोलापूरहून तुळजापूरला जाऊन परत येण्याइतका. कोजागरीला पायी गेलेल्यांना ते अंतर वेगळे सांगायला नको. त्यात काही लाख कोटी झेड कण (क्षीण बल वाहून नेणारे) तयार करण्याचा बेत आहे. त्यांतला एखादा जड न्यूट्रिनोत फुटला, तर तो तिथे नोंदला जाईल.