टेबलटॉप वेगळं आणि मॉक ड्रिल वेगळी, हॉस्पिटलवाल्यांनी एकदा नीट समजून घ्या

आपल्याकडे हॉस्पिटलात आपत्तीची तयारी म्हणून काहीही केलं तरी त्याला मॉक ड्रिलच म्हणतात. हॉलमध्ये खुर्च्या मांडून दोन तास चर्चा केली, मॉक ड्रिल. पार्किंगमध्ये पत्र्याच्या डब्यात आग पेटवून ती विझवली, तीपण मॉक ड्रिल. रजिस्टरला दोन्हीची नोंद एकाच रकान्यात, फोटो चिकटवायचा, सह्या घ्यायच्या आणि पुढच्या ऑडिटपर्यंत विषय संपला. मी नर्सिंगमधून क्वालिटीच्या कामात आले आणि हा गोंधळ रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. नाटकाचं वाचन आणि रंगीत तालीम यात जेवढा फरक आहे तेवढाच या दोन्हीत आहे. टेबलटॉपमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फक्त बोलून केलेल्या सरावात, प्लॅनमधली भोकं सापडतात, ड्रिलमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष करून बघण्यात, हातांना सवय लागते, आणि एक केलं की दुसरं आपोआप होतं असं अजिबात नाही.

आधी टेबलटॉप, कारण तेच आपल्याकडे सगळ्यात कमी होतं आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे. एक टेबल, हॉस्पिटलचा मजल्याचा नकाशा, पाच-सहा चिठ्ठ्या आणि चर्चा चालवणारा एक माणूस, बस. तो पहिली चिठ्ठी वाचतो: रात्रीचे दोन वाजलेत, आयसीयूमधल्या एसीतून धूर येतोय, दहा पेशंट आहेत, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर, ड्युटीला दोन सिस्टर, एक आरएमओ म्हणजे ड्युटी डॉक्टर, एक मावशी. आता बोला, पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करणार? इथे "स्टाफने पेशंट हलवावेत" असलं उत्तर चालत नाही, प्रत्येकाने स्वतःपुरतं सांगायचं, मी हे करते, मी त्याला फोन करतो, नंबर अमुक ठिकाणी लिहिलाय. दहा मिनिटांनी दुसरी चिठ्ठी येते, लाइट गेली, जनरेटर लागला पण लिफ्ट बंद. मग तिसरी, नातेवाईक दारात जमलेत आणि आत घुसायला बघतायत. अशी परिस्थिती हळूहळू बिघडवत न्यायची आणि प्रत्येक वेळी कोण काय ठरवतं ते लिहून घ्यायचं.

यातून काय बाहेर येतं ते सांगते. व्हेंटिलेटरवरचा पेशंट हलवायचा तर त्याला अम्बू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास द्यावा लागतो, मोठ्या माणसाला साधारण दर सहा सेकंदांनी एकदा, म्हणजे एक माणूस पूर्ण त्यातच अडकला, शिवाय बेड ढकलायला निदान दोन जण. असे सहा पेशंट. आणि मजल्यावर माणसं किती, तर चार. हे गणित जाडजूड डिझास्टर प्लॅनच्या फाइलमध्ये कुठेच नसतं, ते टेबलाभोवती बसल्यावर कोणीतरी बोटं मोजायला लागतं तेव्हा कळतं, आणि मग जनरल वॉर्डातून कोणाला बोलवायचं, पहिला पेशंट कोणता हलवायचा, हे प्रश्न खरे वाटायला लागतात. एका टेबलटॉपला मी होते तिथे मागच्या जिन्याच्या ग्रीलची चावी कोणाकडे असते असा साधा प्रश्न निघाला. सिस्टर म्हणाल्या सिक्युरिटीकडे, सिक्युरिटीवाले दादा म्हणाले स्टोअरमध्ये, स्टोअरवाले म्हणाले रात्री स्टोअर बंद असतं. तेवढ्या एका उत्तराने दोन तास वसूल झाले, दुसऱ्या दिवशी कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवली.

ऑक्सिजनचा झोनल व्हॉल्व्ह, म्हणजे एका भागापुरती ऑक्सिजनची पाइपलाइन बंद करणारा कॉक, हा तर या सगळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. आग लागली तर तो बंद करायला पाहिजे कारण ऑक्सिजन आग भडकवतो, पण बंद केला की त्या वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटची लाइन बंद होते. मग बंद करायचं कोणी ठरवायचं? "सरांना फोन करून विचारू" हे उत्तर रात्री दोन वाजता उपयोगाचं नाही. मजल्यावर जी कोणी सीनियर आहे तिला तो अधिकार आधीच लेखी दिलेला हवा, आणि पेशंट सिलिंडरवर घेतले का हे बघूनच व्हॉल्व्ह फिरवायचा हेही ठरलेलं हवं. ही गोष्ट ड्रिलमध्ये करून बघताच येत नाही, चालू वॉर्डाचा ऑक्सिजन कोण बंद करून बघणार? ती टेबलावरच सोडवावी लागते.

ऑक्सिजन निघालाच आहे तर नाशिक आठवल्याशिवाय राहत नाही. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये टाकी गळाली, पुरवठ्याचं प्रेशर पडलं आणि निदान २२ पेशंट गेले. टेबलटॉप केलं असतं तर ते टळलं असतं असं मी म्हणत नाही, तो दावा करायचा मला अधिकार नाही. पण मुख्य लाइन बंद पडली तर पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक हॉस्पिटलने आकडे घेऊन बसून सोडवायला हवा. एका जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो. दहा पेशंट मिनिटाला १० लिटरवर असतील तर मिनिटाला १०० लिटर गेले, म्हणजे एक जंबो ७० मिनिटं. हाय फ्लोवरचा, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवरचा, एकच पेशंट मिनिटाला ६० लिटर घेत असेल तर तोच सिलिंडर त्याला एकट्याला दोन तासही पुरत नाही. आता तुमच्याकडे भरलेले किती आहेत, भरून देणारा किती लांब आहे, रात्री फोन उचलतो का, सिलिंडर उघडायची चावी वॉर्डात आहे का खाली मॅनिफोल्ड रूममध्ये (जिथे सिलिंडर पाइपलाइनला जोडतात), हे सगळं एका कागदावर येतं. आणि "१०८ बोलवू" असं ज्यांच्या प्लॅनमध्ये लिहिलंय त्यांनी हेही मांडून बघावं की २०१४ ला ही सेवा सुरू झाली तेव्हा अख्ख्या राज्यासाठी ९३७ गाड्या होत्या आणि त्यातल्या व्हेंटिलेटरची सोय असलेल्या एएलएस फक्त २३३. तुमच्या सहा पेशंटना एकाच वेळी सहा एएलएस मिळतील असं धरून चालू नका, शेजारच्या दोन हॉस्पिटलांशी आधी बोलून ठेवा.

आता मॉक ड्रिल. इथे बोलणं नाही, करणं आहे, आणि बघायचं ते घड्याळ लावून. कोड रेडची, म्हणजे आगीची, अनाउन्समेंट झाली तर ती ऑपरेशन थिएटरात ऐकू येते का, पहिला माणूस किती वेळात पोचला, बेड दारातून निघतो का की साइड रेल वर असल्या की अडकतो. हे कोणी कितीही हुशार असलं तरी टेबलावर बसून सांगू शकत नाही. फायर एक्स्टिंग्विशरचं घ्या. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाकडे धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा, हे चार शब्दांत सगळ्यांना पाठ असतं. पण घाबरलेला माणूस आधी दांडा घट्ट आवळतो आणि मग पिन ओढायला जातो, आणि दांडा दाबलेला असला की पिन अडकते, निघतच नाही. मग तो सिलिंडर आपटतो, टाकतो, पळतो. दांड्यावरचा हात सैल करायचा, पिन किंचित पिळून ओढायची, मग दाबायचं, हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की डोक्यात बसतं. शिवाय छोटा एक्स्टिंग्विशर अर्ध्या मिनिटाच्या आतच संपतो हेही तेव्हाच कळतं, म्हणजे लांबून उगाच फवारत बसायला वेळच नाही.

तसंच चादरीने पेशंट ओढून नेणं. ऐकायला सोपं आहे, चादरीची डोक्याकडची टोकं गुंडाळून मुठीत घ्यायची, पेशंट जमिनीवर घ्यायचा, डोकं आपल्याकडे ठेवून मागे मागे ओढत न्यायचं. पण पहिल्यांदा करताना सगळे कमरेतून वाकून ओढतात आणि दहा फुटांत दमतात, गुडघ्यात वाकून अंगाच्या वजनाने ओढलं की एकटी सिस्टरसुद्धा स्वतःपेक्षा जड माणूस बाहेर काढते. आणि कुठे न्यायचं तर लगेच जिन्याकडे नाही, आधी त्याच मजल्यावर फायर डोअरच्या, म्हणजे आग अडवणाऱ्या दाराच्या, पलीकडे, जिना त्याच्यानंतर. ड्रिलमध्ये खरा पेशंट कधीच वापरायचा नाही, स्टाफपैकी कोणीतरी झोपायचं, आणि माइकवर दरवेळी "ही मॉक ड्रिल आहे" हे आधी आणि शेवटी म्हणायचंच, वॉर्डातले म्हातारे पेशंट घाबरतात.

गोंधळ केला की नुकसान कुठे होतं ते बघा. टेबलटॉप न करता थेट ड्रिल केली तर चुकीच्या प्लॅनचीच छान प्रॅक्टिस होते, कुलूपबंद ग्रीलकडे सगळे शिस्तीत पळत जातात. फक्त टेबलटॉप केलं तर सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि करता कोणालाच येत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते, ती म्हणजे वेळ. आपल्या ड्रिल होतात सकाळी अकराला, सगळे सर हजर, सगळी माणसं हजर, फायर ब्रिगेडची गाडी आधीच गेटवर उभी. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या युनिटला आग लागली ती मध्यरात्रीनंतर. १० बाळं गेली, ७ वाचवता आली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या हॉस्पिटलमध्ये आयसीयू पेटला तो पहाटे तीनच्या सुमारास. रात्री जी दोन-चार माणसं असतात त्यांनी कधी ड्रिल केलेलीच नसते, कारण ड्रिलच्या दिवशी ती नाइट करून घरी झोपलेली असतात.

सरकारी पातळीवर २७ डिसेंबर २०२२ ला देशभर कोविडची मॉक ड्रिल झाली ती आठवत असेल. त्यात बेड, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन प्लांट चालू आहेत का हे तपासलं गेलं, आणि ते गरजेचंच होतं, धूळ खात पडलेला प्लांट चालवून बघितलाच पाहिजे. फक्त ती मुख्यतः यंत्रांची तपासणी होती, ती झाली म्हणून माणसांचा सराव झाला असं धरू नका.

काही प्रसंग असे असतात की तिथे पूर्ण ड्रिल शक्यच नसते, मग टेबलटॉपवरच भर द्यावा लागतो. नाशिकचा सिंहस्थ घ्या. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले होते, आता २०२७ चा येतोय. लाखोंची गर्दी आणून कोणी सराव करू शकत नाही. पण पोलीस, १०८, सिव्हिल हॉस्पिटल, ब्लड बँक, आसपासची खासगी हॉस्पिटलं यांची ठरवणारी माणसं एका टेबलाभोवती बसवून "रामकुंडाजवळ ८० जखमी, पहिली गाडी कुठल्या रस्त्याने, कोणत्या हॉस्पिटलात किती पाठवायचे, सगळे सिव्हिललाच येऊन पडले तर काय" हे करता येतं.

कोणाला बोलवायचं यात कंजुषी करू नका. डॉक्टर आणि मॅट्रन असतातच, पण इलेक्ट्रिशियन, लिफ्टवाला, रिसेप्शनची मुलगी, एजन्सीचा सिक्युरिटी गार्ड, मावशी, मामा हे टेबलाभोवती हवेतच, चाव्या आणि खटके यांनाच माहीत असतात. मावशींना मोठ्या सरांसमोर बोलायला संकोच वाटतो, म्हणून चर्चा चालवणाऱ्याने त्यांना नाव घेऊन आधी विचारायचं. शेवटी अर्धा तास फक्त लिहायला ठेवा, काय सापडलं, कोण दुरुस्त करणार, कुठल्या तारखेपर्यंत. तारीख नसेल तर ते काम होत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता तारखेशिवाय मी मिटिंग संपवू देत नाही.

शिकायला साहित्य फुकट मिळतं. डब्ल्यूएचओची सिम्युलेशन एक्सरसाइजची पुस्तिका नेटवर आहे, २०१७ ची, टेबलटॉप आणि ड्रिल कशी आखायची ते त्यात टप्प्याटप्प्याने दिलंय. एनडीएमएची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) हॉस्पिटल सेफ्टीची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, एनआयडीएमची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था) ट्रेनिंगं चालतात. इंग्रजी नको वाटत असेल तर चिठ्ठ्या सरळ मराठीत लिहा, आपल्याच वॉर्डांची नावं टाकून, तेच जास्त चांगलं होतं.

क्रम विचाराल तर या महिन्यात टेबलटॉप, मग तीन-चार आठवडे सापडलेल्या गोष्टी दुरुस्त करायला, आणि त्यानंतर ड्रिल, तीही नाइट ड्युटीचा हँडओव्हर झाल्यावर तासाभराने, एकाच मजल्यापुरती. मजल्यावरच्या स्टाफला वेळ सांगू नका, पण मॅट्रन, गेटवरचा गार्ड आणि जवळचं फायर स्टेशन यांना आधी नक्की सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी खरोखर १०१ लावतं आणि दुसरीकडे लागणारी गाडी तुमच्याकडे निघते.