'आत्याक सांग, आंबे धाडलंय'

समजा, २००६ साली देवगडच्या एका मुलाने मुंबईतल्या आतेभावाच्या पानावर, ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल नेटवर्कवर, एवढीच ओळ लिहिली. शेजारी त्याचं नाव, आडनावासकट. वाचणाऱ्याला लगेच कळलं, आतेभावाच्या आईचं माहेरचं आडनाव कोणतं. ते 'कर' लागणारं असेल तर बहुधा मूळ गावही कळलं. आणि फोनवरून बँकेशी बोलताना ओळख पटवण्यासाठी हमखास विचारला जाणारा प्रश्न होता: आईचं माहेरचं आडनाव काय?

आतेभावाने स्वतः काहीच उघड केलं नव्हतं. सोशल नेटवर्कवरच्या खासगीपणाची खरी अडचण इथे आहे. पासवर्ड जपा, अनोळखी माणसाशी बोलू नका, हे आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. पण आपल्याबद्दलची माहिती आपल्याच माणसांकडून, तीही मायेपोटी बाहेर जाते, हे फारसं कुणी सांगत नाही.

गूगलने ऑर्कुट आणलं जानेवारी २००४ मध्ये. सुरुवातीला कुणी बोलावलं तरच आत जाता यायचं. ब्राझील आणि भारत या दोन देशांनी ते डोक्यावर घेतलं. गावाच्या नावाने कम्युनिटी निघायची, त्यात परळचा चाकरमानी, आखातात नोकरीला गेलेला आणि गावातल्या सायबर कॅफेत बसलेला, तिघेही 'गणपतीक कधी येतलंस?' म्हणत भेटायचे. सुरुवातीच्या काळात स्क्रॅपबुक, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्यासाठी निरोप लिहायचं पान, ऑर्कुटवरच्या कुणालाही वाचता येई. ते मित्रांपुरतं ठेवायची सोय नंतर आली.

आता कुणी म्हणेल, मामाचं आडनाव वाडीत सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यात लपवायचं काय? याचं उत्तर हेलन निसेनबॉम या अभ्यासिकेने २००४ मध्ये दिलं. माहिती गुप्त की उघड एवढंच पाहून चालत नाही. ती ज्या संदर्भात सांगितली गेली, त्या संदर्भाचे नियम पाळले गेले का, हे पाहावं लागतं. वाडीत मामाचं आडनाव ही ओळख असते. बँकेच्या फोनवर तीच किल्ली होते.

फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड सुरू केली, तेव्हा हाच वाद पेटला. नवीन काहीच उघड झालं नव्हतं. एकेकाच्या पानावर जाऊन जे बघावं लागायचं, ते आपोआप समोर येऊ लागलं, इतकंच. तरीही लाखो लोकांनी निषेध केला, आणि माझ्या मते तो रास्त होता. त्याआधी, २००५ मध्ये, राल्फ ग्रॉस आणि अलेस्सांद्रो अक्विस्ती यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ४,००० हून अधिक विद्यार्थ्यांची फेसबुक पानं तपासली. सुमारे ८८ टक्के पानांवर जन्मतारीख होती आणि जवळजवळ ४० टक्क्यांवर फोन नंबर. खासगीपणाची सेटिंग बदलणारे अगदी मोजके.

सेटिंग बदलली तरी मित्र उरतातच. २०१० मध्ये फेसबुकच्याच संशोधकांनी दाखवलं, की मित्रांचे पत्ते माहीत असले तर तुमच्या राहत्या ठिकाणाचा अंदाज इंटरनेट जोडणीच्या पत्त्यापेक्षा अधिक अचूक बांधता येतो. कारण साधं आहे: अंतर वाढतं तशी मैत्रीची शक्यता घटते. म्हणून पत्ता न देणाऱ्याचे बरेच मित्र कणकवलीत आणि त्याच्या आसपास दाटलेले दिसले, की संगणक त्याला तिथेच बसवतो. चाकरमान्याच्या बाबतीत मात्र अर्धे मित्र गावी, अर्धे मुंबईत, म्हणजे हिशेब जरा अवघड व्हायचा.

केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे एका ॲपमार्फत फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेली, त्या प्रकरणात हे आकड्यांतच दिसलं. २०१८ मध्ये फेसबुकने सांगितलं, की भारतात ते ॲप घेणारे फक्त ३३५ जण होते. माहिती गेली असण्याची शक्यता मात्र ५,६२,४५५ जणांची होती. उरलेल्यांचं एवढंच, की ते कुणाच्या तरी मित्रयादीत होते.

आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसाने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. ते योग्यच आहे, नातलगांना कायद्याचा धाक दाखवून काय साधणार? पण एखादं ॲप माझ्या फोनमधली नंबरांची यादी उचलतं, तेव्हा 'हो' मी म्हटलेलं असतं, आणि नंबर जातात आत्याचे, मामीचे, शाळेतल्या बाईंचे. त्यांना विचारण्याची जबाबदारी त्या कंपनीवर असली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरायला हवी.