गेम विकत घेतला? सिद्ध करा!

१९८५ साली ‘एलिट’ हा अंतराळातल्या व्यापाराचा गेम झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरसाठी आला, तेव्हा खोक्यात कॅसेटसोबत घडी घालता येणारं एक छोटं प्लास्टिकचं भिंग होतं. नाव लेन्सलॉक. कॅसेट लोड व्हायला काही मिनिटं जायची, मग पडद्यावर अक्षरांची एक जोडी चिरफाड करून, तुकडे इकडचे तिकडे करून दिसायची. आधी कळा दाबून पडद्यावरची खूण भिंगाच्या मापाची करायची, मग भिंग टीव्हीसमोर धरायचं, एक डोळा मिटायचा आणि अक्षरं वाचायची. तीनदा चुकलं की सगळं बाद, कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. टीव्ही फार मोठा किंवा फार छोटा असला तर अक्षरं जुळायचीच नाहीत. त्यात कहर म्हणजे काही खोक्यांत भलत्याच गेमचं भिंग पडलं होतं. त्या लोकांनी पैसे मोजले होते, कॅसेट अस्सल होती, तरी गेम त्यांना दारातच अडवत होता. आणि ज्याने कोडमधून ती तपासणीच उडवली, त्याला भिंग लागतच नव्हतं.

नक्कल रोखण्याची तंत्रं त्यानंतर कितीतरी आली. बाकी काहीही बदललं तरी एक प्रश्न कायम राहिला : हा गेम तुमचा आहे याचा पुरावा ठेवायचा कुठे? आधी तो खोक्यात होता, मग तबकडीत गेला, तिथून कॉम्प्युटरच्या पोटात, आणि शेवटी कंपनीच्या सर्व्हरवर.

कंपन्यांची भीती खोटी नव्हती, हे आधीच मान्य करायला हवं. फ्लॉपीची नक्कल काढणं काही मिनिटांचं काम होतं आणि एका प्रतीवर अख्खा मित्रपरिवार खेळायचा. म्हणून मॅन्युअलमधल्या अमुक पानावरचा तमुक शब्द विचारण्याची पद्धत आली. १९८९ च्या ‘सिमसिटी’सोबत लाल कागदावर छापलेला तक्ता यायचा; झेरॉक्स काढली तर काळं फडकं हाती यावं, हा हेतू. मंद दिव्यात तो अस्सल कागद वाचतानाही डोळ्यांची तीच गत व्हायची. १९९० च्या ‘मंकी आयलंड’ने निदान गंमत केली. एकावर एक फिरणाऱ्या दोन पुठ्ठ्याच्या चकत्या, त्यांवर चाच्यांचे अर्धे अर्धे चेहरे. पडद्यावरचा चेहरा जुळवला की खिडकीत साल दिसायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सभ्य पहारेकरी. चकती हरवली तर चूक आपली असायची.

सीडी आल्यावर हा पहारेकरी घरातच मुक्कामाला आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सेफडिस्क आणि सिक्युरॉम या नक्कल रोखणाऱ्या प्रणालींची नावं खोक्याखोक्यावर झाली. तबकडीवर मुद्दाम काही बिघडलेले भाग ठेवायचे, साध्या नकलेत ते हुबेहूब उतरत नाहीत, आणि गेम सुरू होताना तेच तपासायचे, असा सेफडिस्कचा डाव. यासाठी तिचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजच्या आतल्या थरात बसायचा. रशियन बनावटीचं स्टारफोर्स तर इतकं आत शिरायचं, की सीडी ड्राइव्ह बिघडल्याच्या, कॉम्प्युटर अडखळत असल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. २००६ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने त्याचा नाद सोडला.

सेफडिस्कची गोष्ट जास्त बोलकी आहे. तिच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भगदाड असल्याचं २००७ मध्ये उघड झालं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं ते या ड्रायव्हरला बाहेर ठेवूनच, आणि त्याच वर्षी एका अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद पडला. मायक्रोसॉफ्टचं काही चुकलं नाही. असलं भोक कोण उघडं ठेवेल? पण हातात अस्सल तबकडी असून शेकडो जुने गेम मुके झाले. ते चालवायचे तर क्रॅक, म्हणजे तपासणी उडवलेली फाइल, शोधायचा; थोडक्यात, ज्याला रोखायला हे सगळं उभं केलं त्याच्याच दारात जायचं.

कंपनीवरही ही वेळ आली होती. २००८ मध्ये ‘रेनबो सिक्स : व्हेगास २’ डाउनलोड करून विकत घेणाऱ्यांना एका पॅचनंतर, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटनंतर, गेम तबकडी मागू लागला. तबकडी त्यांच्याकडे असणार कुठून? युबिसॉफ्टने दुरुस्तीची फाइल दिली. कुणीतरी ती उघडून पाहिली, तर आत रीलोडेड या क्रॅक करणाऱ्या टोळीची सही निघाली. घरच्या कुलपाची किल्ली चोराकडून उसनी आणली होती, तीही त्याचं नाव न पुसता.

एव्हाना तबकडीवरचा विश्वास उडाला होता. पुढची कल्पना ॲक्टिव्हेशनची : गेम बसवताना इंटरनेटवरून कंपनीची परवानगी घ्यायची, आणि ती मोजून मिळणार. ‘बायोशॉक’ने २००७ मध्ये दोनदाच दिली, ओरड झाल्यावर पाच केल्या. सप्टेंबर २००८ मध्ये ‘स्पोअर’ आला तो तीन परवानग्या घेऊन. विंडोज नव्याने टाकलं, एक संपली. कॉम्प्युटर बदलला, दुसरी संपली. त्यानंतर ग्राहकसेवेला फोन करून, आपण चोर नाही हे एका अनोळखी माणसाला पटवून द्यायचं. मॅन्युअलमध्ये छापलं होतं की एका प्रतीवर घरातल्या अनेकांची खाती निघतील. प्रत्यक्षात एकच निघत होतं. लोकांनी ॲमेझॉनवर दोन हजारांहून जास्त एकतारांकित शेरे मारले, प्रकरण कोर्टात गेलं, गेम काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने तिनाच्या पाच केल्या. आणि इतकं करून रोखलं काय? क्रॅक केलेली प्रत गेम बाजारात यायच्या आधीच नेटवर होती. वर्षअखेरीस चोरट्या डाउनलोडच्या बातम्या देणाऱ्या टॉरेंटफ्रीक या संकेतस्थळाने केलेल्या मोजदादीत ‘स्पोअर’ हाच सर्वाधिक चोरलेला गेम ठरला, सुमारे १७ लाख डाउनलोडसह. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. त्या संन्याशाने सुळीचे पैसेही भरले होते.

युबिसॉफ्टने २०१० मध्ये परवानगी मागण्याची भानगडच संपवली, कारण आता ती क्षणोक्षणी लागणार होती. ‘अॅसॅसिन्स क्रीड २’ एकट्याने खेळायचा गेम, पण पीसीवर खेळताना कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेलं राहायचं. नेट गेलं की खेळ जागच्या जागी थांबणार. सुरुवातीच्या प्रतींत तर जोडणी परत आल्यावर मागच्या चेकपॉइंटपासून पुन्हा खेळावं लागे. समजा, अर्धा तास भिंती चढून तुम्ही मनोऱ्याच्या टोकाला पोचलात आणि राउटरचा दिवा लुकलुकला, तर ती चढाई गेली. ७ मार्चला, गेम येऊन आठवडाही झाला नव्हता, सर्व्हरवर हल्ला झाला आणि अनेकांना तासन्‌तास गेम उघडताच आला नाही. घरचं नेट ठणठणीत, कॉम्प्युटर ठणठणीत. याआधी पुरावा हरवला तर तो ग्राहकाकडून हरवायचा. आता तो कंपनीच हरवू शकत होती.

मग त्याच वळणाचे प्रसंग येत राहिले. २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’चा ‘एरर ३७’, म्हणजे सर्व्हरवर गर्दी आहे, नंतर या. मार्च २०१३ मध्ये नव्या ‘सिमसिटी’च्या रांगा, जिथे आपलंच शहर बघायला ताटकळावं लागे. गेमची काही आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, म्हणून ऑनलाइन राहणं भाग आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. काही दिवसांतच गेममध्ये फेरफार करणाऱ्या एका हौशी मॉडरने गेम नेटशिवाय चालवून दाखवला आणि वर्षभराने कंपनीनेच ऑफलाइन सोय दिली.

उलट दिशेने जाणारेही होते. २००८ मध्ये ‘विचर’ गेम काढणाऱ्या सीडी प्रोजेक्टने सुरू केलेल्या जीओजी या ऑनलाइन दुकानात कुलूपच नव्हतं. २०११ च्या ‘विचर २’च्या खोक्यातल्या प्रतीत सिक्युरॉम होतं, ते कंपनीने पहिल्याच मोठ्या पॅचमध्ये काढलं आणि आता गेम जास्त वेगाने चालेल असं स्वतःच सांगितलं.

वेगाचा मुद्दा २०१४ पासूनच्या डेनुव्हो या नव्या कुलपाच्या काळात पुन्हा तापला. क्रॅक व्हायला त्याने खरंच वेळ लावला, हे श्रेय त्याला द्यायला हवं. पण २०२१ मध्ये ‘रेझिडेंट ईव्हिल व्हिलेज’ची क्रॅक प्रत विकतच्या प्रतीपेक्षा सुरळीत चालते असं दिसलं, कॅपकॉमने डेनुव्होवर स्वतःचं आणखी एक कुलूप चढवलं होतं, आणि गोळ्या झाडताना अडखळणाऱ्या गेमला पुढे पॅच काढावा लागला. त्याच वर्षी इंटेलचे दोन प्रकारच्या कोअरचे (गणनेच्या भागांचे) प्रोसेसर आले, तेव्हा काही गेममधल्या कुलपांना दुसऱ्या प्रकारचे कोअर म्हणजे दुसरा कॉम्प्युटरच वाटला. इंटेलला अशा गेमची यादी काढावी लागली.

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या २०१४ च्या कार रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले. त्यातली एकट्याने खेळायची कथाही त्यांच्यावरच चालायची, त्यामुळे तबकडी घेतलेल्यांकडे उरली ती नुसती तबकडी. यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम उभी केली. २०२५ मध्ये युरोपीय संघातल्या तिच्या नागरिक-याचिकेवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला : विक्रेता कधीही काढून घेऊ शकेल अशा डिजिटल वस्तूला ‘खरेदी’ म्हणायचं असेल, तर तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगा. कायमची डाउनलोड करून नेटशिवाय वापरता येते ती वस्तू यातून वगळली आहे. त्याच ऑक्टोबरात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याच्या पानावर एक नवी ओळ आली : या खरेदीने तुम्हाला उत्पादनाचा परवाना मिळतो. खरेदीचं बटण तिथेच आहे.