गिरणगावातील पायाभूत सुविधांचे गुंतवणूक नियोजन

मुंबईतील परळ, लालबाग, वरळी, प्रभादेवी, भायखळा हा कापडगिरण्यांचा पट्टा, म्हणजेच गिरणगाव, थंडावल्यावर तेथील रस्ते, पूल, पाणी, मलनिःसारण, पावसाळी गटारे आणि मोकळ्या जागांसाठी बृहन्मुंबई महानगरपालिकेने केलेली, आणि पुष्कळदा न केलेली, भांडवली तरतूद. उद्योग गेलेल्या शहराला सहसा पैशाची चणचण भासते. कारखाने बंद पडतात, माणसे पांगतात, कर आटतो. अमेरिकेतील डेट्रॉइटने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली ती याच वाटेने. गिरणगावाची गोष्ट उलटी आहे. येथे गिरण्या बसल्या, पण जमिनीचा भाव चढत गेला. महापालिकेच्या तिजोरीत पैसा होता. हुकली ती जमीन आणि कामांचा क्रम.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेव येथे स्थापली. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मागे उरली ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन, तीही शहराच्या ऐन मध्यावर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीची वाटणी ठरवली. ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित विचार करून सलग मोकळ्या जागा आणि रस्ते मिळतील असा आराखडा सुचवला. तो कागदावरच राहिला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीत मोकळी जागा ती किती असणार? शेड, गोदामे, चिमणी यांनीच आवार भरलेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाचा अर्थ शहराच्या बाजूने लावला होता, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दरम्यान २००५ मध्ये महामंडळाच्या पाच गिरण्या सुमारे २,०२० कोटी रुपयांना विकल्या गेल्या; त्यांपैकी एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी. हा पैसा महामंडळाच्या पुनर्वसन योजनेत गेला. जमिनीवर येणारा भार पेलायचा होता महापालिकेला, विक्रीची रक्कम मात्र तिच्याकडे येणार नव्हती.

महापालिकेचे गुंतवणुकीचे गणित दोन वेगळ्या कागदांवर चालते. विकास आराखडा वीस वर्षांचा. अर्थसंकल्प एका वर्षाचा, १८८८ च्या अधिनियमानुसार आयुक्तांनी स्थायी समितीपुढे मांडायचा. त्यातही पाणी आणि मलनिःसारण ‘ग’ अर्थसंकल्पात, तर रस्ते आणि पर्जन्य जलवाहिन्या ‘अ’ मध्ये. एकच रस्ता पुन्हा पुन्हा का खोदला जातो, याच्या उत्तराचा काही भाग या अक्षरांत आहे.

उत्पन्नाचा मोठा आधार होती जकात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताना ती गेली आणि तिच्या जागी राज्याकडून दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढणारी भरपाई सुरू झाली. मालमत्ता कर पूर्वी भाड्यावर बेतलेला असल्याने गोठलेल्या भाड्याच्या चाळींतून नाममात्रच मिळे. २०१० पासून तो भांडवली मूल्यावर (मालमत्तेच्या बाजारभावावर बेतलेल्या किमतीवर) आला. याशिवाय चटईक्षेत्रावरचे अधिमूल्य (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी भरायची रक्कम). म्हणजे टॉवर जितके चढतील तितके उत्पन्न वाढते आणि गटारांवरचा ताणही. २०२२ च्या सुमारास महापालिकेच्या मुदत ठेवी ९० हजार कोटींच्या वर होत्या, पण त्यांतला मोठा हिस्सा निवृत्तिवेतन, अनामत अशा देण्यांना बांधलेला. २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात निम्म्याहून अधिक रक्कम भांडवली कामांना आहे. गरिबीचे कारण येथे सांगता येत नाही.

गिरणगावात अडते ते हद्दींवर. रुळांवरचा पूल रेल्वेने बांधायचा, दोन्हीकडचे पोहोचरस्ते महापालिकेने. लोअर परळचा डिलाइल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. तोवर गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्यांचे मनोरे उभे राहून कित्येक वर्षे झाली होती. स्थानके मात्र जुन्याच मापाची. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. पूल रेल्वेचा असला, तरी त्यावर लोटलेली गर्दी आसपासच्या बांधकाम परवानग्यांतून वाढलेली होती.

पाण्याची कथा जुनी आहे. शहराची गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ही क्षमता दुप्पट करण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये आला. कामांना वेग आला तो २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर. परळजवळचा हिंदमाता हा बशीसारखा सखल भाग. त्याच्यासाठी रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र (साचलेले पाणी पंपाने उपसणारे) झाले, तरी तुंबणे थांबेना. अखेर २०२१ मध्ये भरती ओसरेपर्यंत पाणी साठवायला भूमिगत टाक्या बांधायला घेतल्या. त्यांना जागा मिळाली ती दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली.