मोठे दात म्हणजे झटपट काप? धातूला हे नेहमीच लागू नाही

"मोठ्या दातांचं एक्सा ब्लेड घे, पटकन कापतं." मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला हत्यारं घ्यायला गेलं की दुकानदार नाहीतर शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक हे सांगतंच. समजूत आली लाकडावरून. धातूला ती अर्धीच लागू पडते.

एक्सा, म्हणजे हॅक्सॉ, धातू कापायची करवत. त्याच्या ब्लेडवर एका इंचात 14, 18, 24 किंवा 32 दात असतात. कापताना निदान तीन दात धातूवर टेकलेले हवेत, बघायचं ते एवढंच. पडद्याच्या स्टील पाइपची जाडी जेमतेम 1 मिलिमीटर. 18 दातांच्या ब्लेडमध्ये दोन दातांतलं अंतरच 1.4 मिलिमीटर. मग पाइपची कड थेट दातांमधल्या खाचेत अडकते, हिसका बसतो आणि दात टक्कन तुटतो. माझी अशी दोन ब्लेडं बोडकी झालीत. इथे 32चंच घ्या, तेही जरा तिरकं धरून. पत्रा असेल तर प्लायच्या दोन तुकड्यांत दाबून कापा.

अ‍ॅल्युमिनियमच्या जाड सळईला मात्र मोठेच दात हवेत, 14 किंवा 18. बारीक दातांत तिचा मऊ कीस गच्च बसतो आणि ब्लेड नुसतं घसरत राहतं.

चकतीचा ग्राइंडर? लोखंडाला ठीक. अ‍ॅल्युमिनियमने लोखंड कापायची चकती माखते. शिवाय चाळीत भर दुपारी तो आवाज काढलात तर शेजारच्या काकू आहेतच.

आणि हो, ब्लेड बसवताना त्यावरचा बाण मुठीकडे नाही, पुढच्या टोकाकडे.