मलमली झग्यातील मारी आंत्वानेत

फ्रेंच चित्रकर्ती एलिझाबेत व्हिजे-लब्रं (१७५५–१८४२) हिने १७८३ साली रंगवलेले फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे तैलचित्र. त्याच वर्षी ते पॅरिसच्या सलों प्रदर्शनात लागले, त्यावर गदारोळ उठला आणि ते भिंतीवरून उतरवावे लागले.

राणीच्या अंगात पांढऱ्या मलमलीचा सैल, चुणीदार झगा आहे. कमरेला झिरझिरीत सोनेरी पट्टा, डोक्यावर पिसे खोवलेली गवती हॅट, हातात गुलाब. मुकुट नाही, रत्ने नाहीत. तेव्हाचा दरबारी पोशाख म्हणजे जड रेशीम आणि आत सांगाडा घालून दोन्ही बाजूंनी फुगवलेला घेर. त्यापुढे हा पातळ सुती झगा म्हणजे लोकांना आतला कपडाच वाटला. राणीला अंतर्वस्त्रांत रंगवल्याची ओरड झाली, हे चित्रकर्तीनेच पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. तलम मलमलीसाठी नाव होते बंगालचे, फ्रान्सचा अभिमान आपल्या लियों शहराच्या रेशमात. त्यात राणी जन्माने ऑस्ट्रियन. तिने देशी रेशीम सोडून परदेशी सूत पांघरावे, हे अनेकांना खुपले.

चित्राचा अर्थ लावताना त्याच्या जागी आलेले दुसरे चित्र शेजारी ठेवून पाहावे. चित्रकर्ती तीच, चेहरा तोच, हातातला गुलाबही तसाच; अंगावर मात्र निळसर करड्या रेशमाचा पोशाख, लेस आणि मोत्यांचे सर. एवढा बदल पुरला. तसा हा मलमली झगा राणी व्हर्सायजवळच्या आपल्या प्ती त्रियानों या खासगी निवासात वापरतच असे. खटकले ते राणीने तो घालून चारचौघांसमोर येणे.

या चेहऱ्यात उदासी किंवा भाबडेपणा शोधणारी वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात. ती फारशी विश्वासार्ह नाहीत. १७९३ मधला तिचा शिरच्छेद ठाऊक असलेल्या डोळ्यांना ती उदासी दिसते. १७८३ च्या प्रेक्षकाला पुढचे काहीच माहीत नव्हते. त्याने आधी कापड पाहिले, मग त्यावरून बाईची पत ठरवली. या काळातले कोणतेही स्त्रीचित्र वाचताना सुरुवात तिथूनच करणे बरे.

निंदा झाली तरी झग्याचा प्रसार थांबला नाही. उलट तो ‘राणीचा झगा’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. इंग्लंडमध्ये डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना हिने १७८४ मध्ये राणीकडून आलेला असा झगा घातला होता. मूळ चित्र जर्मनीतील हेसे घराण्याच्या संग्रहात आहे. त्याची एक जुनी प्रतिकृती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये पाहता येते.